मुलाणी गुरुजी

“ए बुडके, सर की तिकडं!”

इलाही मुलाणी गुरुजी फळ्यावर बाराखडी लिहीत होते. त्यांनी मागे वळून पाहिले. दाराजवळ अकरा वर्षांची बायडा धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. तिच्या पायाखालचे पोते कुणीतरी ओढून घेतले होते. बोलला होता तो चौथीतला जयसिंग, सरपंच बाळासोंचा नातू.

“जयसिंग, बुडकं म्हंजे काय रं?” गुरुजींनी विचारले.

“ज्यांचं गाव पान्यात बुडलंय ती.”

“मग त्यात तिची काय चूक?”

“चूक न्हाई. पर आमचा मळा घेतला न्हवं त्यांनी?”

“आनि उद्या आपलं गाव बुडलं तर?”

“आपलं कशाला बुडंल, गुरुजी? आपलं माळावर हाय.”

सगळा वर्ग हसला. गुरुजींनी स्वतःच्या खुर्चीवरचे बसकर काढून बायडाला दिले आणि ते पुन्हा फळ्याकडे वळले.

ते साल एकोणऐंशीचे. वर शाहूवाडीच्या डोंगरात धरण झाले. पाण्याखाली गेलेल्या वाड्यांतली माणसे ट्रकांत भरून खाली आणली आणि कोल्हापूरजवळच्या कालव्याच्या पट्ट्यात वसवली. दानवडे गावाच्या वाट्याला अशी तीसेक घरे आली. गावाबाहेर सिमेंटच्या पत्र्यांची एक ओळ उभी राहिली; तिला सरकारी कागदात ‘वसाहत’ म्हणत आणि गावात ‘बुडीत’. त्यांना द्यायची जमीन गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांकडून काढून घेतली होती. त्यामुळे ती माणसे यायच्या आधीच गावाचे त्यांच्याशी वैर झाले होते.

पोरे शाळेत येऊ लागली ती जूनमध्ये. भात खाऊन वाढलेली, काटक आणि अबोल. डोंगरात रानडुकरांना न भिणारी ही पोरे फटफटी आली की गटारापलीकडे उडी मारत. सुरुवातीला गुरुजींनाही ती मंदच वाटली. काही विचारले की नुसती बघत राहायची. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आले की वरच्या शाळेत पावसाळाभर मास्तर येतच नसे आणि उन्हाळ्यात आला की आधी मारत असे. त्या पोरांना उत्तर येत नव्हते असे नाही. उत्तर दिल्यावर काय होते याचा त्यांना अनुभव होता. गुरुजींनी छडी कपाटामागे टाकून दिली. गावची पोरे एका बाजूला आणि वसाहतीची दुसऱ्या बाजूला बसत, तेही त्यांनी मोडले. इयत्तेप्रमाणे ओळी केल्या. बायडाला अक्षर येत नव्हते, म्हणून तिला पहिलीत बसवावे लागले. सहा वर्षांच्या पोरांत ती ताडासारखी दिसे. आईबाप दोघेही रोजगाराला जात, म्हणून भावाला सोबत आणायची परवानगी गुरुजींनीच दिली होती.

एका खोलीत चार इयत्ता आणि शिक्षक दोन. दुसऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. त्यामुळे सगळे गुरुजींवरच होते आणि त्यांना त्याची सवय होती. ते याच गावचे. बायको पाच वर्षांपूर्वी वारली, मूलबाळ नव्हते. थोरला भाऊ मौलाली आणि भावजय सुगरा यांच्या चुलीवर त्यांचे दोन वेळचे जेवण होई. गावचे मुलाणीपण मौलालीकडे होते. दानवड्यात कुणाच्याही घरी बकरे पडायचे तर मौलालीने बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवायची, हा पिढ्यांचा रिवाज. जत्रेत तर मानाच्या पहिल्या बकऱ्यावर मुलाण्याचाच हात. इलाहीने हे काम कधीच केले नाही. लहानपणी बापाने एकदा सुरी हातात दिली, तेव्हा पोरगे तिथेच ओकले. बाप म्हणाला, “ह्याला शाळंत घाला.” म्हणून ते गुरुजी झाले.

जानेवारीत ती गोष्ट घडली. शाळेच्या शेजारी गुरांना पाणी पाजायचा हौद होता. मधल्या सुट्टीत बायडा भावाला पायरीवर ठेवून हात धुवायला गेली. परत येते तर जयसिंग आणि आणखी दोघे त्या पोराला हौदावर धरून झुलवत होते आणि ओरडत होते, “बुडीवू का? बुडीवू का?” पोर आकांत करत होते. बायडा धावली आणि तिने हातातली पाटी जयसिंगच्या कपाळावर हाणली. पाटीचे दोन तुकडे झाले. जयसिंगच्या डोळ्यांवरून रक्ताची धार लागली.

गुरुजींनी जखम धुतली, टिंक्चर लावले, स्वतःच्या टॉवेलने डोके बांधले आणि पोराला घरापर्यंत नेऊन सोडले. परत आल्यावर त्यांनी बायडाला समोर उभे केले.

“डोळा गेला आसता त्याचा. आठवडाभर शाळा तू झाडायची.”

तिने मान हलवली. मग म्हणाली, “मारला नसता तर त्यानं बुडीवला असता.”

“बुडीवला नसता. भ्या दाखवत हुता.”

“तुमाला काय ठावं?” ती म्हणाली. “आमाला बी पयल्यांदा सगळी आसंच म्हनत हुती. बुडनार न्हाई, नुस्तं भ्या दाखवत्यात.”

त्याच संध्याकाळी चावडीत माणसे जमली. गुरुजींना बोलावणे आले. मौलालीही त्यांच्याबरोबर गेला आणि त्यांच्या मागे बसला.

बाळासो सरपंच तसे वाईट गृहस्थ नव्हते. ते ओरडले नाहीत.

“गुरुजी, त्यो मळा माज्या बानं केलेला. हीर त्यानं स्वता खांदली. रोज सकाळी मी तितनं जातो आनि दुसऱ्याचा बैल चरताना बघतो. बघितलं, गप बसलो. आता घरात नातवाचं डोस्कं फुटून आलंय. मानसानं किती सोसायचं, सांगा की तुमीच.”

त्यात खोटे काहीच नव्हते.

“आण्णा, पोरीचं चुकलं,” गुरुजी म्हणाले. “तिला मी शिक्षा दिलीया. पर तुमच्या पोरांनी तान्ह्या लेकराला हौदावर धरलंतं.”

“खेळ त्यो पोरांचा.”

“आनि मळा सरकारनं घेतला. तिनं न्हाई.”

मौलालीने मागून त्यांचा सदरा ओढला. गुरुजी बसले नाहीत.

“आमी त्या पोरांस्नी शिकवू नका म्हनत न्हाई,” बाळासो म्हणाले. “वसाहतीत शेड हाय. तितं शिकवा. आमच्या पोरांत नकोत.”

“शाळा एकच हाय, आण्णा.”

“मग आमची पोरं येनार न्हाईत.”

दुसऱ्या दिवसापासून गावातली पोरे आली नाहीत. वसाहतीतली आणि बौद्धवाड्यातली तेवढी आली. मोठ्या खोलीत ती इथे तिथे विखुरलेली दिसू लागली, तेव्हा गुरुजींनी सगळ्यांना पुढे घेतले आणि शिकवायला सुरुवात केली. बायडा सकाळी लवकर येऊन शाळा झाडत होती. आठवडा संपला तरी ती झाडत राहिली. गुरुजींनी तिला थांबवले नाही, फक्त दुसरा झाडू आणून दिला आणि रोज एका पोराची पाळी लावली.

पंधरा दिवसांनी तालुक्याहून विस्तार अधिकारी त्र्यंबकराव कुलकर्णी जीपमधून आले. आधी सरपंचांकडे चहा घेऊन मग ते शाळेत आले. हजेरी पाहिली, अर्धी रिकामी खोली पाहिली, आणि पोरांना बाहेर खेळायला पाठवून खुर्चीत बसले.

“मुलाणी, एवढं कशाला वाढवायचं?” ते म्हणाले. “दोन पाळ्या करा. सकाळी गावातली मुलं, दुपारी वसाहतीतली. शाळा तीच, शिक्षक तुम्हीच. कुणाचंच नुकसान नाही.”

खरे तर क्षणभर गुरुजींना ते पटले. दुपारच्या शाळेत कुणी कुणाला बुडक्या म्हणणार नाही, पोते ओढणार नाही. पोरे सुखाने शिकतील. खिडकीतून त्यांना हौद दिसत होता.

“साहेब, पाळ्या करता येतील,” ते म्हणाले. “पण ही पोरं मोठी होऊन एकाच कालव्यावर पाणी पाजणार, एकाच सोसायटीत खताला उभी राहणार. तेव्हा पाळ्या कोण लावणार?”

“ते पुढचं पुढे. मला आज शाळा भरलेली हवी.”

“मग लेखी हुकूम द्या. धरणग्रस्तांची मुलं गावच्या मुलांबरोबर बसवू नयेत, असं लिहून खाली सही करा. मी उद्यापासून तसं करतो.”

कुलकर्णी साहेबांनी पेनाचे टोपण उघडले होते, ते पुन्हा लावले.

“तुम्ही फार ताणताय. गगनबावड्याला जागा रिकामी आहे, माहीत आहे ना? या वयात तिकडचा पाऊस सोसेल?”

“हुकूम आला की जाईन, साहेब.”

साहेब उठले. हुकूम आला नाही. बदलीही आली नाही. वर कोल्हापूरला जिल्हा परिषदेत काय कळवले गेले ते गुरुजींना कधीच समजले नाही.

घरात मात्र वातावरण तापले. मौलाली पूर्वी जेवताना बोलायचा. आता भिंतीकडे तोंड करून जेवू लागला. कुणाच्या तरी घरी जावळाचे बकरे होते, तिथले बोलावणे आले नाही. मग आणखी एका घरचे आले नाही.

“भावजी, तुमचा पगार हाय,” सुगरा एकदा भाकरी वाढताना म्हणाली. “ह्यास्नी गावाबिगार कोन हाय?”

“भाबी, पगार घरातच हाय की,” गुरुजी म्हणाले.

“पगाराचं न्हाई बोलत मी,” सुगरा म्हणाली.

शाळेत परत आलेली पहिली पोरगी शालूबाईची. शालूबाई ही नवऱ्याने टाकलेली, दुसऱ्याच्या शेतात राबणारी बाई. ती एका सकाळी पोरीचे बखोट धरून आली आणि दारातूनच ओरडली, “गुरुजी, घ्या हिला. घरात बसून नुस्तं शेण थापाय लागली. मी थापलं त्येवढं बास झालं. सरपंचाचा मळा गेला म्हनून माजी पोरगी आडानी ऱ्हायची व्हय?”

ती हे मुद्दामच मोठ्याने बोलली. वाटेने जाणाऱ्यांनी ऐकले. दुसऱ्या दिवशी आणखी दोघे आले. ऊसतोड रंगात होती, घरोघरची माणसे फडात होती, आणि दिवसभर मोकाट सुटलेल्या पोरांना आया कंटाळल्या होत्या. कुणी ठराव केला नाही, कुणी माघार घेतली असे म्हटले नाही. महिन्याभरात बहुतेक पोरे आपापल्या ओळीत येऊन बसली. सर्वांत शेवटी, वार्षिक परीक्षेच्या दिवशी, बाळासो स्वतः जयसिंगला घेऊन आले. वर्ष वाया गेले असते. त्यांनी पोराला दारात सोडले आणि गुरुजींकडे न बघता ते निघून गेले.

जयसिंगच्या कपाळावर पांढरट वण होता. बायडा दाराजवळच बसली होती. तो तिच्या जवळून गेला, थांबला, पायाने तिचे सरकलेले बसकर जागेवर ढकलले आणि आपल्या ओळीत जाऊन बसला. पुढेही त्यांची मैत्री झाली, असे काही नाही. पण त्या वर्गात ‘बुडक्या’ हा शब्द पुन्हा ऐकू आला नाही. बाहेर येत असेल.

चैत्रात गावची जत्रा झाली. आदल्या दिवशी मुलाण्याच्या घरी पानसुपारी येते. मौलालीने अंगण सारवून घेतले, धुतलेला फेटा काढून ठेवला आणि तो उंबऱ्यात बसून राहिला. संध्याकाळी दिवे लागले तरी कुणी आले नाही. मग शेजारच्या गावचा मुलाणी सायकलवरून देवळाकडे जाताना त्याला दिसला. त्याने मौलालीला सलाम केला आणि मान खाली घालून पुढे गेला.

मौलालीने फेट्याची घडी परत ट्रंकेत ठेवली.

“तुझी शाळा भरली,” तो गुरुजींना म्हणाला. “माझं काय ते झालं.”

“दादा, मी बाळासो आण्णांस्नी भेटतो.”

“काय सांगशील? पोरं येगळी बसवतो म्हनून सांगशील?”

गुरुजींनी नकारार्थी मान हलवली.

“मग नगं भेटू,” मौलाली म्हणाला.

जत्रेचा गुलाल अजून रस्त्यावर होता, तेव्हाच तो शिरोलीला गेला. एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत वाळू चाळायला माणसे हवी होती. पन्नाशीच्या माणसाला त्यांनी घेतले, कारण ते काम तरुण पोरे टिकून करत नसत. तिथेच चौघांत एक खोली करून तो राहू लागला. सुट्टीला घरी यायचा, सुगराशी बोलायचा, भावाशी नाही.

वैशाखात एका सकाळी वसाहतीतला जोतीराम गुरुजींच्या घरी आला. साठीचा, वाकलेला माणूस. गाव सोडताना त्याने देवाचा तांदळा, शेंदूर लावलेला दगड, पोत्यात गुंडाळून ट्रकमध्ये मांडीवर आणला होता. वसाहतीच्या कडेला एका लिंबाखाली त्याची स्थापना करायची होती.

“बकरं हाय,” जोतीराम म्हणाला. “पर मुलानी न्हाई. आमचा मुलानी दुसऱ्या वसाहतीत पडला, लई लांब. तुमचे भाऊ येतील का? गाव काय म्हनंल म्हनून भ्यालोय, पर इचारावं म्हटलं.”

गुरुजी सायकलवरून शिरोलीला गेले. फाटकाशी निरोप पाठवला. बऱ्याच वेळाने मौलाली बाहेर आला. तोंड, हात, भुवया, सगळे काळे झाले होते. भावाला ओळखायला गुरुजींना एक क्षण लागला.

त्याने सगळे ऐकून घेतले.

“ह्या लोकांपायी माझं गाव सुटलं,” तो म्हणाला. “आनि त्यांचंच बकरं कापाय ये म्हनतोस?”

“दुसरं कोन हाय, दादा?”

“तू हायस की.”

एवढे बोलून मौलाली आत गेला. आत भट्टी ओतायची वेळ झाली असावी, कारण भोंगा वाजला आणि फाटकावरच्या माणसाने गुरुजींना बाजूला व्हायला सांगितले.

मंगळवारी सकाळी, स्थापनेच्या दिवशी, गुरुजींनी सुगराकडे मौलालीची सुरी मागितली. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने फडताळातून सुरी काढून दिली आणि दगडही आणून दिला. गुरुजींनी धार लावली. वसाहतीपर्यंतची वाट ते रोज शाळेतून बघत असत, पण चालत कधी गेले नव्हते.

लिंबाखाली सगळी माणसे जमली होती. समोर पोरे ओळीने उभी होती, शाळेत प्रार्थनेला उभी राहतात तशी. कुणी सांगितले नव्हते. बायडा भावाला कडेवर घेऊन टोकाला उभी होती. बकऱ्याला हळदकुंकू लावून आणले. गुरुजींनी एकदा पोरांकडे बघितले आणि पुन्हा बघायचे नाही असे ठरवले. खाली बसले. तोंडाने बिस्मिल्ला म्हणाले आणि हात चालवला. सुरी नीट फिरली. जनावराला तडफडावे लागले नाही.

ते उठले तेव्हा घामाने सदरा पाठीला चिकटला होता. जोतीरामाने तांब्याने त्यांच्या हातावर पाणी घातले.

“आता हितं देव बसला,” तो म्हणाला. “आता हे गाव झालं.”

रिवाजाप्रमाणे मुलाण्याचा वाटा पळसाच्या पानात बांधून मिळाला. गुरुजींनी तो पिशवीत घातला नाही. हातात धरून ते गावातून निघाले. देवळाच्या पारावर बाळासो आणि चारपाच माणसे बसली होती.

“काय गुरुजी,” बाळासो म्हणाले, “शेवटाला सुरी धरलीच व्हय?”

“मुलान्याचाच हाय की मी, आण्णा.”

बाळासोंनी पाय आखडून घेतले आणि त्यांना वाट दिली. गुरुजी गेले.

सुगराने वाटा घेतला. थोडे त्या दिवशी रांधले आणि उरलेल्याला मीठहळद लावून अंगणात दोरीवर वाळत घातले.

चार दिवसांनी मौलाली सुट्टीला आला. ताटात कालवण बघून त्याने सुगराकडे पाहिले.

“कुणाच्यातलं?”

“वसाहतीतलं,” ती म्हणाली. “भावजींनी कापलं.”

तो जेवत राहिला. गुरुजी समोर बसून जेवत होते. ताट संपत आले तेव्हा मौलालीने मान वर केली आणि कितीतरी दिवसांनी भावाकडे सरळ बघितले.

“पोरं भ्याली न्हाईत न्हवं?” त्याने विचारले.

“न्हाई,” गुरुजी म्हणाले. “बघत हुती.”

मौलालीने मान हलवली. तो उठून मोरीवर हात धुवायला गेला. बराच वेळ तो राखेने नखे घासत होता. वाळूचा काळा रंग निघत नव्हता. गुरुजी उठले, त्यांनी तांब्या भरून घेतला आणि त्याच्या हातांवर पाणी धरले.